नवी म्हणून गळ्यात मारलेली डिस्क

लातूरच्या मोंढ्यातल्या ज्या आडतीचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो, तिथला हिशोब २००४ सालीही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. सर्व्हर एक, त्याला सिरियल वायरने टर्मिनल, म्हणजे नुसते स्क्रीन-कीबोर्ड, जोडलेले. जागा कमी पडायला लागली म्हणून ३६ जीबीची स्कझी (SCSI, सर्व्हरमध्ये वापरायच्या प्रकारची) डिस्क मागवली. पुरवठादार म्हणाला, "बिनघोर राहा भाऊ, पाच लाख तासांची डिस्क आहे."

वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सत्तावन्न वर्षं! हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतोच. त्याचा अर्थ एवढाच की, शंभर कोऱ्या डिस्क वर्षभर चालवल्या तर दोनेक बिघडतील. तेही कंपनीने सांगितलेल्या तापमानात. आमच्याकडच्या मे महिन्यात आणि लोडशेडिंगच्या लपंडावात नव्हे.

ऐन सोयाबीनच्या आवकेत डिस्कने मान टाकली. एका मुनीमजींनी जुनं खातं उघडलं की सगळेच टर्मिनल जागच्या जागी थांबायचे आणि सर्व्हरच्या स्क्रीनवर 'मीडियम एरर', म्हणजे डिस्कवरची जागा वाचता येत नसल्याची सूचना, यायची. शेतकरी पट्टीसाठी ताटकळत. टेपवर बॅकअप होता म्हणून हिशोब तरी वाचला.

डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला लावली, स्मार्टसीटीएल (smartctl) हा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम चालवला. स्टिकरवरचा सिरियल नंबर वेगळा, डिस्क स्वतः सांगते तो वेगळा! उत्पादनाचं वर्ष २०००. 'ग्रोन डिफेक्ट लिस्ट', म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांची यादी, भली मोठी. स्क्रूच्या भोकांचे आटे झिजलेले, कनेक्टर ८० पिनांचा आणि सोबत ६८ पिनांचं अडॅप्टर. कुठल्यातरी मोठ्या सर्व्हरमधून काढलेला माल होता, वर नवं स्टिकर.

पुरवठादाराला दाखवलं तर त्याने बिलच पुढं केलं. "यावर नंबर कुठंय? ही आमची कशावरून?" बिलात फक्त 'हार्डडिस्क ३६ जीबी, १ नग'. वॉरंटी गेली, पैसेही गेले.

डिस्क घेताना दुकानातच मशीनला लावायला सांगा. स्क्रीनवरचा सिरियल नंबर स्टिकरशी जुळवा, तोच बिलावर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क आजवर चाललेले तास, शून्य दिसले म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क उघडकीला आल्या, आणि त्या साध्या तपासणीत कोऱ्याच दिसत होत्या.