बुलेटची व्हॉल्व्ह सीट: घासायची, कापायची की बदलायची?

कास्ट आयर्न इंजिनाच्या (सिलिंडर बिडाचा, हेड मात्र ॲल्युमिनियमचं) बुलेट ३५० चे टॅपेट दर चार-पाचशे किलोमीटरला आपोआप आवळत असतील, म्हणजे तिथली फट संपत असेल, तर दोष टॅपेटचा नाही. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकतो ती हेडमधली गोल कड, झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत चाललाय. इंजिन थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी ढकल देणारा दांडा) बोटांनी फिरायला हवा. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा (जळलेला वायू बाहेर सोडणारा) असला तर तो लवकरच जळतो. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं. ते शिसं सीटवर थर धरून झीज आवरायचं. जुन्या मऊ सीटला आता तो आधार नाही. (जुन्या जावा-येझदीवाल्यांनी पुढे वाचायची गरज नाही, टू-स्ट्रोकला ही डोकेदुखीच नाही.)

निर्णयाआधी गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी, बघा. सीट कटरला सरळ धरणारा दांडा, म्हणजे पायलट, गाइडमध्येच बसतो. गाइड ढिली असेल तर सीट कितीही चकचकीत कापली तरी ती एका बाजूला जाते. म्हणून आधी गाइड, मग सीट.

लॅपिंग म्हणजे पेस्ट लावून घासणं. हे सर्वात स्वस्त, घरीही जमतं, पण त्याने बारीक खड्डे जातात, झिजलेली सीट सुधारत नाही. आधी जाड, मग बारीक पेस्ट. अर्धे फेरे मागेपुढे, मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. सलग राखाडी कडं दिसलं की थांबा. जास्त घासलं तर व्हॉल्व्हच्या तोंडावर खाच पडते. उरलेली पेस्ट गाइडमध्ये गेली तर गाइडही खाते, तेव्हा रॉकेलने नीट धुवा. मग पोर्टमध्ये रॉकेल भरून पाच मिनिटं बघा, थेंबही झिरपता कामा नये.

कडं तुटक किंवा फार रुंद असेल तर कटिंग. ४५ अंशाची मुख्य कड, मग ३० आणि ६० अंशांनी ती अरुंद करायची. रुंदी इनलेटला साधारण १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २. एक्झॉस्टची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, म्हणून तिला रुंदी जास्त. तोटा असा की प्रत्येक कापणीला व्हॉल्व्ह आणखी खोल जातो आणि स्प्रिंग सैल होते. जेवढा व्हॉल्व्ह खोल गेला तेवढ्या जाडीची शिम (पातळ चकती) स्प्रिंगखाली घालायची.

नवा व्हॉल्व्ह टाकूनही तो खोलच बसत असेल, सीटला चीर असेल किंवा सीट हलत असेल, तर सीटची रिंगच बदलण्याशिवाय इलाज नाही. इथे बोअरिंगवाला नीट निवडा, काम त्याच्या हातावर आहे. जुनी रिंग छिन्नीने काढू नये, मशीनवर पातळ करून काढावी. रिंग बसते ती हेडमधली खाच रिंगपेक्षा साधारण ०.१ मिमी लहान ठेवतात. हेड ओव्हनमध्ये १८० अंशांपर्यंत तापवायचं, रिंग फ्रीजरमध्ये थंड करायची. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे ४० मिमीची रिंग जवळपास आपसूक खाली जाते. थंड हेडमध्ये हातोड्याने ठोकली तर ती ॲल्युमिनियम खरवडते आणि पुढे गरम झाल्यावर सुटते. कडेला पंच मारून ‘पक्की’ केलेली रिंग घेऊ नका.

रिंग बसल्यावर कटिंग आणि हलकं लॅपिंग लागतंच, म्हणजे पहिल्या दोन्हींचा खर्च यात धरा. ३०० किलोमीटरनंतर टॅपेट तपासा, थोडा फरक पडणारच. त्यापुढच्या ३०० मध्ये पुन्हा आवळलेला दिसला, तर हेड परत उतरवा.