जुन्या पत्र्याच्या डब्यांवर टू-के ग्लॉस क्लिअर कोट: अकरा महिने आणि एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आधीच सांगते, हा पारदर्शक चकचकीत लेप ज्या कॅनमधून फवारला त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाहीये. जे बिघडलं त्यातलं निम्मं माझ्या हाताने बिघडलंय आणि उरलेलं ठाण्याच्या हवेने, उगाच कोणाच्या नावाने बोटं कशाला मोडा.

तर मला छापील पत्र्याचे जुने डबे जमवायचा नाद आहे. बिस्किटांचे, टाल्कम पावडरचे, चहाचे, हिंगाचे, एक खजूरछाप डालडाचा पण आहे. बरेचसे पुण्याच्या जुन्या बाजारातले, काही मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर घासाघीस करून आणलेले, आणि तीन-चार सासूबाईंच्या माळ्यावरचे. घर घोडबंदर रोडला, खाडीवरून वारा थेट हॉलमध्ये येतो, त्यामुळे कितीही कोरडा ठणठणीत डबा आणला तरी पहिल्या पावसाळ्यात कडांना तपकिरी ठिपके आलेच म्हणून समजा. हा पत्रा म्हणजे आत लोखंड आणि वर कथलाचा पातळसा थर, आपल्या कल्हईतलं तेच कथिल. थर अख्खा आहे तोवर काही होत नाही, पण एकदा ओरखडा गेला की उघडं पडलेलं लोखंडच आधी गंजतं आणि कथिल मजेत बघत बसतं. म्हणून वरून काहीतरी सील पाहिजे असं डोक्यात बसलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, व्हिडिओत दिसते ती काचेसारखी चकाकी पण हवी होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हार्डवेअरच्या दुकानातला साधा अ‍ॅक्रिलिक क्लिअरचा कॅन आणून दोन डबे मारले. दिसायला झकास. मे महिन्यात घराला रंग काढला म्हणून ते पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि जूनमध्ये काढले तर पेपर चिकटलेला, हळूहळू सोलला तर बिस्किट खाणाऱ्या गुबगुबीत पोराच्या गालावर उलट्या अक्षरांत ‘वधू पाहिजे’. नवरा दोन दिवस हसत होता. साधा अ‍ॅक्रिलिक नुसता वाळतो, आतून पक्का होत नाही, उकाड्यात मऊ पडतो आणि थिनर लागला की परत विरघळतो, हे मला तेव्हा कळलं.

टू-के म्हणजे ज्यात हार्डनर वेगळा असतो तो, गाड्यांच्या रंगकामातला. कॅनच्या बुडाला पिन असते, ती दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते, मग दोन मिनिटं नीट हलवायचा. माझ्या कॅनवर ४८ तासांची मुदत लिहिली होती, त्यानंतर उरलेला माल कॅनमध्येच घट्ट. म्हणजे एका डब्यासाठी पिन दाबली तर बाकीचे पैसे पाण्यात, आणि हा कॅन साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतो. मी गेल्या नोव्हेंबरात नऊ डबे पूर्ण तयार करून ओळीने मांडले आणि मगच पिन दाबली.

आणि हे गमतीत घेऊ नका, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे जराशा वासानेही त्रास होतो. कापडी मास्क नाही चालत, एन-९५ पण नाही, तो फक्त धूळ आणि थेंब अडवतो, वाफ नाही. मी ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं लावायचा रबरी मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना कुर्ता असं सगळं चढवून गच्चीत गेले, वॉचमन दादा धावत वर आले की मॅडम गॅस लीक झाला का. बंद गॅलरीत किंवा बाथरूममध्ये तर अजिबात मारू नका, घरात लहान मूल असेल तर नाहीच.

फवारणी हा सगळ्यात सोपा भाग आहे हो. खरा जीव जातो तयारीत. भांड्यांच्या साबणाने धुवायचं, मग लगेच हेअर ड्रायर, कारण डब्याच्या शिवणीत पाणी बसतं आणि दिसत नाही. मी एका डब्याला आधी कधीतरी डॅशबोर्डचं पॉलिश चोळलं होतं, त्यातलं सिलिकॉन दोनदा धुऊनसुद्धा राहिलं आणि क्लिअर पडल्या पडल्या जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे. दुसरा फटका आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसताना. जुन्या डब्यांवरचं सोनेरी बरेचदा सोनेरी शाई नसतेच, पत्र्याच्या चमकीवर पिवळट पारदर्शक लॅकर दिलेलं असतं. मी बिनधास्त चोळलं आणि बोळ्यावर सोनं, डब्यावर चांदी. तेव्हापासून आधी बुडाशी, कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेवर पुसून बघते आणि तिथेच क्लिअरचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवते, जुनी शाई सुरकुतली तर तो डबा बाद.

मारताना पहिला हात एकदम हलका, नुसता शिंतोडा म्हणा, दहा मिनिटं थांबायचं, मग दोन ओले हात, साधारण वीतभर अंतरावरून, हात न थांबवता. डबे मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांवर उपडे ठेवले होते त्यामुळे फिरवता आले. सकाळी अकरानंतरच, दव पूर्ण गेल्यावर. आठवडाभर हात लावला नाही, मग जिथे धूळ बसली होती तिथे २००० आणि ३००० चा पाण्याचा पॉलिश पेपर आणि वरून कंपाउंड. सपाट झाकणावर यातून जे काही निघतं ना, ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसते त्यात, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा पार जातो. पण उठावाची अक्षरं असतील तर पेपर लांब ठेवा, मी एका चहाच्या डब्यावर ‘च’चा दांडा घासून पांढरा केला.

सगळ्यात मोठी चूक मात्र झाकणाची. सासूबाईंचा एक लाल-पिवळा डबा आहे, त्यांच्या लग्नातला, त्यात अजूनही गोडा मसाला असतो. बाहेरूनच मारला, आत काही नाही, खायच्या वस्तूला हे लावायचं नाहीच. पण जिथे झाकण घट्ट बसतं ती कड झाकायचं राहिलं, आणि जुन्या डब्यांचं झाकण इतकं मापात असतं की दोन्हीकडचा कोट धरून ते जे बसलं ते बसलं. मी चमच्याच्या टोकाने उचकटलं तर कडेचा बोटभर कोट रंगासकट उडाला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, चाळीस वर्षं मी दिवसातून दोनदा उघडला, त्याला काही झालं नाही.” आता प्रत्येक डब्याच्या कडेला मास्किंग टेप लावते, दोन सूत जास्तच.

दुसरा कॅन जूनमध्ये फोडला, पाऊस लांबलाय असं वाटलं म्हणून. पाऊस नव्हता पण हवा ओली होती. क्लिअरमधला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर धरतं, पाच डब्यांपैकी दोन दुधाळ झाले, चष्म्यावर श्वास सोडल्यासारखे. एक उन्हात ठेवून बराच निवळला, दुसरा आजही तसाच आहे.

आता पावसाळ्यानंतरचा हिशोब. नऊ नोव्हेंबरवाल्यांपैकी सहा अगदी जसेच्या तसे. पिवळेपणा नाही, चिकटपणा नाही, मे महिन्यात मुद्दाम पेपर गुंडाळून ठेवला होता, काही उठलं नाही. मुलाच्या हातचे आंब्याचे डाग ओल्या फडक्याने गेले. कडेचा कोट उडालेला तो एक मसाल्याचा, एक खड्डेवाला, तो तसाच ठेवलाय आठवण म्हणून, आणि नववा हिंगाचा. त्याच्या मागच्या बाजूला मी गंज नुसता वरवर घासून वर क्लिअर मारला होता, कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही. ऑगस्टमध्ये कोटाच्या आत बारीक नारिंगी धागा दिसला, केसाएवढा, मग बाजूला अजून दोन. आधी वाटलं कोळ्याचं जाळं अडकलंय, नखाने खरवडलं तर वर काचेसारखं गुळगुळीत, धागा खाली. दमट हवेत कोटाखालून गंज असा अळीसारखा सरकतो, पुढचं टोक खात जातं आणि मागे नारिंगी माग राहतो. मी टोकाशी मार्करने टिंब दिलं होतं, आज टोक टिंबाच्या चार मिलिमीटर पुढे आहे. उघड्या डब्यावरचा गंज निदान तेलाने पुसता तरी येतो, हा काचेआड बसून खातोय.

म्हणून सगळेच डबे मारत सुटले नाही. हंटले अँड पामर्सचा एक बिस्किटाचा डबा आहे माझ्याकडे, इंग्लंडातल्या रेडिंगचा. पत्र्यावर शिळाछापाच्या दगडावरून थेट छपाई नीट उमटत नसे, म्हणून मधे एक सिलिंडर घालून चित्र आधी त्यावर आणि मग पत्र्यावर उतरवायची युक्ती रॉबर्ट बार्कलेने १८७५ मध्ये पेटंट केली, आजच्या ऑफसेटचं मूळ तेच. भिंगातून बघितलं की त्यातले ठिपके दिसतात आणि त्यावरचं जुनं व्हार्निश मधासारखं झालंय. त्यावर माझा कॅन? नाही बाबा. संग्राहक क्लिअर मारलेल्या डब्याला हात लावत नाहीत ते यासाठीच, टू-के थिनरने निघत नाही, घासूनच काढावा लागतो, आणि घासला की छपाई गेली. त्याला मी रेनेसाँ वॅक्स लावते, ब्रिटिश म्युझियममध्ये १९५०च्या दशकात तयार झालेलं ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, वर्षातून दोनदा, बोटाएवढ्या फडक्यावर अगदी कणभर. चकाकी टू-केच्या पासंगालाही पुरत नाही, पण व्हाइट स्पिरिटने निघतं.

पुढचा कॅन आणून ठेवलाय, या वेळी चारच डबे, रोजच्या वापरातले, पोचे आलेले, ज्यांची बाजारात किंमत शून्य. हिंगाचा डबा मात्र उद्या घासून पत्र्यापर्यंत उघडा करतेय, मागची बाजू तशीही गेलीच आहे. सासूबाईंनी गच्चीच्या जिन्यातच गाठून विचारलंय, “ह्याचं झाकण तरी उघडेल ना गं?”