कॅनमधला कोकम सोडा: रंग चोख, आंबटपणा अपुरा

निव्वळ गोड शीतपेयांऐवजी आंबट-खारट चवींना मागणी येऊ लागल्यामुळे, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम आता कॅनबंद सोड्यातही उतरले आहे. एका नव्या कंपनीचा असा सोडा नुकताच चाखला. झाकण उघडताच भाजलेल्या जिऱ्याचा वास येतो, रंग गडद लाल आहे आणि सैंधवाची चव घोट उतरल्यावरही जिभेवर रेंगाळते. परंतु आगळाचा, म्हणजे कोकमाच्या दाट रसाचा, मूळचा तुरट आंबटपणा साखरेखाली पार दबून गेला आहे. घटकांच्या यादीत कोकमाआधी साखर यावी, हे निदान कोकणातल्या माणसाला तरी रुचणारे नाही. घ्यायचाच असेल तर चांगला गार करून, बर्फ न घालता घ्यावा, कारण बर्फाने तो पाणचट होतो. मासळीच्या जेवणाबरोबर मात्र सोलकढीच हवी.