लाकडाच्या भट्टीवरून पाइप गॅसवर: आमच्या बेकरीचा वापरानंतरचा अनुभव

परळच्या आमच्या बेकरीत आता लाकूड येत नाही. लादी पाव, ब्रून (कडक सालीचा पाव), खारी, टोस्ट, नानखटाई सगळं पाइपच्या गॅसवर, म्हणजे वाहिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर भाजलं जातं. पावसाळा, गणपती, दिवाळी हे सगळे हंगाम त्यावर काढून झाले, म्हणून आता ठामपणे लिहितेय. अजून लाकडावर असलेल्या बेकरीवाल्यांना हे उपयोगी पडावं ही इच्छा आहे. खानावळ, फरसाण, मिठाई असा भट्टीचा धंदा असणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. माझं मत आधीच सांगते: बदला. खर्च आहे, हात बसायला वेळ लागतो, तरी बदला.

निमित्त सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत जानेवारी 2025 मध्ये आदेश झाला. लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांनी, तंदूरवाल्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायचं. मागोमाग महापालिकेच्या नोटिसा आल्या. धंद्यात नाराजी होती आणि ती खोटी नव्हती. पावाचा नफा पैशांत मोजतात, आणि भट्टी बदलायची तर लाखांत जातं.

पण आपण जाळत काय होतो, तेही बोलायला हवं. जंगलातला ओंडका कधीच परवडेनासा झाला होता. बहुतेक बेकऱ्यांत भंगाराचं लाकूड यायचं: मोडलेली कपाटं, प्लायचे तुकडे, सनमायका चिकटलेल्या फळ्या, रंगवलेल्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या. प्लायमधला डिंक आणि वरचा रंग जळला की जो धूर निघतो तो साध्या लाकडाचा धूर नसतो. तो आधी भट्टीवरच्या माणसाच्या छातीत जातो, मग चिमणीतून वरच्या मजल्यावर आणि शेजारच्या चाळीत. आमचे उस्ताद बाबांच्या वेळेपासून भट्टीवर आहेत. त्यांचा पहाटेचा खोकला आम्हाला इतका सवयीचा झाला होता की तो भट्टीचा खोकला आहे हे कुणी बोलतही नसे.

पर्याय तीन होते. विजेचा ओव्हन, सिलिंडर किंवा पाइपचा गॅस. विजेच्या ओव्हनसाठी मंजूर भार बराच वाढवून घ्यावा लागला असता आणि व्यावसायिक दराने बिल झेपलं नसतं. 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर ठेवायला जागा नव्हती. गल्लीच्या तोंडाशी गॅसची वाहिनी आलेली होती, म्हणून पाइप. ज्यांच्या गल्लीत वाहिनीच नाही त्यांचा प्रश्न मोठा आहे. रस्ता खोदायची परवानगी लागते आणि पावसाळ्यात खोदकाम बंद असतं, त्यामुळे अर्ज दिवाळीनंतर लगेच टाकलेला बरा.

बेकरी आमच्या घराखालीच आहे, आणि पाइप घरात आधी आला. आईची पहिली तक्रार होती की आच कमी वाटते. ती खरी होती. घरातल्या पाइपमध्ये गॅसचा दाब जेमतेम 21 मिलीबार असतो आणि एलपीजीच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानात उष्णताही बरीच कमी असते. म्हणून शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलून मोठ्या भोकाचे बसवावे लागतात. आमच्याकडे एका बर्नरचा जेट जुनाच राहून गेला होता. तो बदलल्यावर भाकरी पूर्वीसारखी फुगायला लागली. सिलिंडर संपला, नंबर लावला, आला का नाही, ही कटकट घरातून गेली याचं समाधान आईला सगळ्यात जास्त आहे. गीझरही गॅसवर घेतला, मात्र तो बाथरूममध्ये लावला नाही. बाहेरच्या गॅलरीत, मोकळ्या हवेत लावला आणि फक्त गरम पाण्याचा नळ आत आणला. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालवला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात यात माणसं जातात. बसवणारा "खिडकी आहे ना, चालतंय" म्हणाला तरी ऐकू नका.

आता बेकरी. आम्ही लादी, खारी, टोस्ट यासाठी रोटरी रॅक ओव्हन घेतला. ट्रेंची गाडीच आत ढकलायची, ती आत गोल फिरत राहते आणि गरम हवा पंख्याने खेळते. विकणाऱ्याने ओव्हन पाठवला तो एलपीजीच्या जेटसह, आणि कबूल करायला बराच वेळ लावला. ज्योत बारीक, तापमान चढता चढेना, पहिल्या रात्रीचा माल फिका निघाला. म्हणून ओव्हन ठरवताना "पाइप गॅसच्या जेटसह, आमच्या जोडणीच्या दाबाला चालणारा" असं कोटेशनवरच लिहून घ्या आणि चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

भट्टीचं तंत्र वेगळं होतं. आत लाकूड पेटवायचं, विटांचा घुमट आणि खालची लादी तापू द्यायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्याने लादी पुसायची आणि मग उतरत्या तापावर एकामागून एक माल लावायचा. आधी जास्त तापाचा ब्रून, मग पाव, शेवटी नानखटाई. ताप बघायला उस्ताद लादीवर चिमूटभर मैदा फेकायचे. तो लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू बदामी झाला तर माल लावायचा. थर्मामीटर कधी लागलाच नाही. हे ज्ञान वाया जाईल अशी त्यांना भीती होती, आणि मला ती पटत होती.

तसं झालं नाही, पण त्यांना हात नव्याने बसवावा लागला. पंख्याच्या ओव्हनमध्ये भट्टीच्या अंदाजाने तापमान लावलं की पाव वरून लवकर रंगतो आणि आत ओलसर राहतो. आम्ही तापमान 20 अंशांनी उतरवलं. फिरत्या हवेत पावाची साल सुकते म्हणून कणकेत पाणी किंचित वाढवलं आणि माल आत गेल्या गेल्या वाफ सोडायला लागलो. हे तिन्ही जमल्यावर लादी पाव पूर्वीसारखाच मऊ, कडांना ओढल्यावर दोरे सुटणारा यायला लागला. वडापाववाल्या गिऱ्हाइकांपैकी कुणी फरक सांगितला नाही. खारी आणि नानखटाई तर सुधारली. भट्टीत मागच्या कोपऱ्यातला ट्रे हमखास करपायचा, आता सगळे ट्रे एका रंगाचे उतरतात.

ब्रून मात्र रॅक ओव्हनमध्ये जमला नाही. त्याला खालून दगडाचा चटका लागतो, तरच तळ खणखणीत होतो. ट्रेवरचा ब्रून वरून कडक आणि खाली लेचापेचा. जुन्या इराण्यांकडे खाल्लेला ब्रून ज्याला माहीत आहे तो असा ब्रून परत करतो, आणि आमच्या गिऱ्हाइकांनी केलाही. शेवटी दगडी तळाचा छोटा डेक ओव्हन घेतला, तोही गॅसवरचा. त्यावर उस्तादांनी पहिल्याच दिवशी चिमूटभर मैदा फेकून पाहिला आणि मान हलवली. ज्यांचा ब्रून, कडक पाव यावर जोर आहे त्यांनी रॅकच्या आधी डेकचा विचार करावा. जुन्या भट्टीतच गॅसचा बर्नर बसवून घेणारेही आहेत. त्यात विटांचा ताप टिकतो, पण बर्नर, धुराचा मार्ग आणि ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह हे जाणकाराकडूनच करून घ्यायला हवं.

लाकूड गेल्यामुळे काय गेलं तेही लिहिते. वखारीची खोली मोकळी झाली, उंदीर कमी झाले, राख उचलायची राहिली नाही. पूर्वी सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन भट्टी धगधगती ठेवायला लागायची, कारण थंड झालेली भट्टी पुन्हा तापायला फार वेळ घेते. आता ओव्हन अर्ध्या तासात तयार होतो, त्यामुळे पहिल्या पाळीतल्या पोरांची झोप वाढली. भिंती चुन्याने रंगवल्या त्या अजून पांढऱ्या आहेत. उस्तादांचा खोकला पूर्ण गेलेला नाही, इतक्या वर्षांचा तो असा कसा जाईल, पण पहाटेचा जोर कमी झालाय.

पैशाचं बोलू. एक किलो सुक्या लाकडात साधारण 3,500 ते 4,000 किलोकॅलरी उष्णता असते, एका घनमीटर वायूत 8,500 च्या आसपास. म्हणजे कागदावर एक घनमीटर वायू सव्वादोन-अडीच किलो लाकडाच्या जागी येतो. प्रत्यक्षात भट्टीतली बरीचशी उष्णता चिमणीतून आणि तोंडातून बाहेर जायची, त्यामुळे गॅस याहून जास्त लाकडाची भरपाई करतो. तरीही खरं सांगायचं तर भंगाराच्या लाकडापेक्षा आमचं इंधनाचं बिल वाढलं. मजुरी वाचली, करपलेला माल वाचला, वखारीच्या जागेत आता पॅकिंग होतं. हे सगळं धरलं की फरक कमी होतो, मिटत नाही. लादीचा भाव थोडा वाढवावा लागला.

घरगुती गॅस आणि धंद्याचा गॅस यांचे भाव वेगळे का, हेही समजून घ्या. देशातल्या स्वस्त वायूवर पहिला हक्क घरगुती जोडण्यांचा आणि सीएनजीचा आहे. व्यावसायिक वायूचा दर बऱ्याच अंशी आयात केलेल्या एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) हलतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तो कसा चढला ते हॉटेलवाल्यांना विचारा. त्याच वर्षी एप्रिलपासून राज्याने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला, तो मोठा दिलासा होता. वायू अजून जीएसटीत नाही, त्यामुळे भरलेल्या व्हॅटची वजावट मिळत नाही. लहान बेकऱ्यांना शहराच्या हवेसाठी बदलायला सांगितलं जातंय, तर त्यांच्या वायूचा दरही काही वर्षं बांधून द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोटा सोसून कुणी स्वच्छ हवा देत राहू शकत नाही.

ओव्हनच्या कर्जासाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे. त्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान असतं आणि आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत राबवली जाते. सध्या अर्ज घेतात का ते आधी विचारा आणि मंजुरीच्या आधी ओव्हनचे पैसे भरू नका.

विजेचंही बघा. रॅक ओव्हनचा पंखा आणि बर्नर विजेशिवाय चालत नाहीत. वीज गेली तर आत फुगत असलेला माल बसतो. लाकडाच्या भट्टीला ही भीती नव्हती. आम्ही छोटा जनरेटर ठेवलाय.

आणि जे सिलिंडरवरून पाइपवर येणार आहेत त्यांनी झरोके तपासा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याच्या खोलीत जाळी खाली असते. पाइपमधला वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताशी जातो. त्याला वर जाळी किंवा एक्झॉस्ट लागतो. आमच्या माळ्याखाली तशी जागाच नव्हती, भिंत फोडून काढावी लागली. गळतीचा वास यावा म्हणून वायूत मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो, पण मैदा आणि यीस्टच्या वासात रात्रभर वावरणाऱ्या माणसाच्या नाकावर सगळं सोडू नका, छताजवळ गॅस डिटेक्टर लावा. बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कसा फिरवायचा हे मालकाइतकंच सगळ्यात नव्या पोराला माहीत हवं. वास आला की दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी तो बंद करायचा, दारं उघडायची, बाहेर यायचं आणि बाहेरून कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. आमच्याकडे हा नंबर मराठी आणि हिंदीत, व्हॉल्व्हच्या शेजारीच भिंतीवर रंगवून घेतलाय.