चिकटवलेल्या पानाची ‘पहिली आवृत्ती’

जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात आम्हा मित्रमंडळींना एका गाजलेल्या मराठी कथासंग्रहाची ‘पहिली आवृत्ती, लेखकाच्या सहीसह’ म्हणून एक प्रत विकली गेली. ती पहिली आवृत्ती नव्हती आणि सहीही लेखकाची नव्हती. विकणारा कोण होता हे आम्हाला आजही ठाऊक नाही, पण प्रत कशी बनवली होती ते मात्र आता नीट कळलं आहे. एवढी मेहनत घेणारा माणूस एकाच प्रतीवर थांबला असेल असं मला वाटत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांचा यात काही संबंध नाही, आणि ही युक्ती कुठल्याही जुन्या पुस्तकावर चालवता येते.

शनिवार-रविवार जोडून आम्ही प्रदर्शनाला गेलो होतो. शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या सरांना काहीतरी चांगलं द्यायचं म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढली होती. या कथासंग्रहाची सरांकडची जुनी प्रत घर बदलताना हरवली, याची हळहळ त्यांच्या बोलण्यात अजूनही येते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी एका टेबलावर ते नाव दिसलं तेव्हा आम्ही सगळेच तिथे थांबलो.

इतर टेबलांवर पुस्तकांचे ढीग होते. हवं ते उचला, चाळा, उभ्याउभ्या दोन पानं वाचा, कोणी काही म्हणत नव्हतं. या टेबलावर मोजकीच पुस्तकं होती आणि प्रत्येक पुस्तक जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात होतं. पाकीट असं कापलेलं की पुठ्ठा उघडला तर पहिलं पान दिसावं, पुढची पानं मात्र आतच राहावीत. त्या पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, ‘आवृत्ति पहिली’, १९४१ साल आणि खाली तिरक्या अक्षरात ‘सप्रेम भेट’ असं लिहून लेखकाची सही.

आम्ही पाकिटातून काढून दाखवायला सांगितलं. विक्रेता म्हणाला, “ताई, कागद ठिसूळ झालाय. उघडलं तर पाठ सुटेल. मग तुम्हीही घेणार नाही आणि दुसराही कोणी घेणार नाही.” हे बोलताना त्याने बाजूचं दुसरं एक पुस्तक उघडून दाखवलं. ते खरोखर जुनं होतं, पानाचा कोपरा बोटाला लागताच तुटला. ती नमुन्याची प्रत खरी होती आणि तिच्याकडे बोट दाखवून तो बाकीची विकत होता. कापडी बांधणी नवी का, असंही आम्ही विचारलं. मूळ मुखपृष्ठ फाटलं होतं, म्हणून जुन्या कापडात बांधून घेतलं, असं उत्तर आलं. जुनी पुस्तकं पुन्हा बांधून घेतातच, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. “ते सकाळी बघून गेलो होतो ते पुस्तक आहे ना अजून? पैसे घेऊन आलोय,” असं म्हणाले. विक्रेत्याने आमच्याकडे पाहून हात जोडले आणि त्यांना सांगितलं, “साहेब, ही मंडळी आधी आलीत. ती नाही म्हणाली तर तुमचं.” रात्री आमच्या मैत्रिणीने सकाळी काढलेले फोटो बघताना हेच गृहस्थ त्याच टेबलामागे खुर्चीवर बसलेले दिसले, हातात पाकिटांची चळत. गिऱ्हाईक म्हणून उभा केलेला माणूस विक्रेत्याचाच होता.

पैसे क्यूआर कोडवरून दिले. कागदी पावती मागितली तर एका चिठ्ठीवर ‘जुनी पुस्तके, १ नग’ एवढं लिहून दिलं. पुस्तकाचं नाव नाही, आवृत्ती नाही, दुकानाचं नाव नाही.

खोलीवर आल्यावर पाकीट सोडलं. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता. टाइप जुळवणं, फर्मे मोडणं हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्याने आधी काहीच वाचलं नाही. शीर्षकाच्या पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मग आतल्या पानावरून, मग पुन्हा शीर्षकाच्या पानावरून. “हे पान या पुस्तकातलं नाही,” तो म्हणाला. आतल्या पानांना मागून खिळ्यांचा दाब लागत होता, अक्षरं बोटाला जाणवत होती. शीर्षकाचं पान मागून सपाट गुळगुळीत. त्याच्याकडच्या भिंगातून पाहिलं तेव्हा आतल्या अक्षरांची शाई कागदात मुरलेली दिसली, तर शीर्षकाची अक्षरं कागदावर चमकदार थरासारखी बसलेली आणि त्यांच्या कडेला काळे बारीक ठिपके उडालेले. लेझर प्रिंटरची पूड अशीच दिसते.

मग आम्ही ते पान शिवणीपर्यंत उघडून पाहिलं. ते शिवलेलंच नव्हतं. खऱ्या पानाचा बोटाच्या पेराएवढा पट्टा ठेवून बाकीचं कापलं होतं आणि नवं पान त्या पट्ट्याला खळीने चिकटवलं होतं. पुढच्या पानांच्या वरच्या कोपऱ्यात किडीने पाडलेलं एक भोक होतं. पहिल्या कथेच्या पहिल्या पानापासून ते आरपार बरंच आत गेलं होतं, पुढे पुढे बारीक होत. शीर्षकाच्या पानावर त्याच जागी काहीच नव्हतं. पुस्तक कुरतडत आत शिरलेली कीड पहिलं पान वगळून दुसऱ्यापासून सुरू होत नाही.

पानाचा पिवळेपणाही खोटा होता. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद जुना होतो तो हवा आणि उजेड लागेल तिथून, म्हणजे कडेकडून आत. मधला भाग त्या मानाने फिकट राहतो. आतली पानं तशीच होती. शीर्षकाचं पान मात्र कडेपासून मध्यापर्यंत एकसारखं तपकिरी, फक्त खाली पाणी वाळल्यासारखी एक गडद रेघ. सकाळी लॉजच्या काउंटरवर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते धरलं. रंग पातळ लागलेल्या जागा निळसर पांढऱ्या चमकल्या, आतली पानं मंदच राहिली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतरची. १९४१ च्या कागदाने असं चमकायला नको.

त्या पानाची मागची बाजू कोरी होती. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण, तसंच प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं बंधनकारक होतं. म्हणून जुन्या मराठी पुस्तकात ‘हें पुस्तक अमक्यांनीं अमक्या छापखान्यांत छापिलें’ अशी ओळ कुठेतरी सापडतेच, बहुधा शीर्षकाच्या पाठीमागे. बनवणाऱ्याकडे खऱ्या पहिल्या आवृत्तीच्या फक्त पुढच्या बाजूची प्रतिमा असावी. मागे काय होतं हे त्याला माहीत नसणार, म्हणून त्याने ती बाजू तशीच सोडली.

आतला मजकूर वाचायला लागल्यावर तर शंकाच उरली नाही. १९४१ च्या मराठी छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार सर्वत्र असायचे, ‘मुलें घरीं गेलीं’ असं छापलं जायचं. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढून टाकले. पहिले चौदा नियम १९६२ चे, आणखी चार १९७२ चे. आमच्या हातातल्या पुस्तकात पानोपानी ‘मुले घरी गेली’. काही लेखक आधीपासूनच अनुस्वार गाळत आणि काही प्रकाशक नंतरही ठेवत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. निकाल शेवटच्या पानाने दिला. तिथे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती, खाली पत्ता, आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे पुस्तक त्यानंतरचं पुनर्मुद्रण. जाहिरातीचं ते पान फाडून टाकता आलं नसतं, कारण शिवणीत ते शेवटच्या कथेच्या पानाला जोडलेलं होतं. एक काढलं तर दुसरं सुटलं असतं.

सहीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पैसे मुख्यतः सहीचेच घेतले होते. अक्षरं बॉलपेनची होती. फाउंटन पेनची शाई तंतूंमधून किंचित पसरते, ठळक-बारीक होते. इथे रेघ सगळीकडे एकाच जाडीची, कागदावर चर उमटलेली, वळणावर शाईची बारीक गुठळी. खाली तारीख १९४१ ची. लाझ्लो बिरो यांनी बॉलपेनचं पेटंट घेतलं ते १९३८ मध्ये, आणि अमेरिकेतल्या दुकानात असं पेन पहिल्यांदा विकायला आलं ते १९४५ मध्ये. १९४१ साली एका मराठी लेखकाने अशा पेनाने पुस्तकावर सही केली, हे कसं शक्य आहे?

मला सगळ्यात जास्त चीड आली ती त्या चांगल्या पुस्तकाच्या नासाडीची. सत्तरच्या दशकातलं ते नीटनेटकं पुनर्मुद्रण होतं. स्वतःच्या नावाने विकलं असतं तर कोणीही आनंदाने वाचायला नेलं असतं. त्याचं खरं शीर्षकपान, म्हणजे त्याची ओळख, कापून टाकली. त्यावर आवृत्तीचा क्रमांक होता, सन होतं, कदाचित लेखकाचं नव्या आवृत्तीसाठीचं चार ओळींचं निवेदन होतं. ते आता परत मिळणार नाही. शिवाय ‘सप्रेम भेट’च्या वर ज्यांचं नाव लिहिलं होतं त्यांचा त्या लेखकाशी कधी परिचय होता की नाही कोणास ठाऊक. उद्या एखाद्या अभ्यासकाने ही प्रत पाहून त्या दोघांच्या स्नेहाबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर ते खोटं पुढे चालत राहणार.

असले प्रकार नवे नाहीत. इंग्लंडमध्ये टॉमस वाइज हा मोठा नावाजलेला संग्राहक. त्याने बाजारात आणलेल्या दुर्मीळ पुस्तिका बनावट असल्याचं जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांच्या, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांच्या, एका पुस्तिकेवर १८४७ साल छापलेलं होतं, पण तिच्या कागदात रसायनांनी शिजवलेला लाकडाचा लगदा सापडला, आणि तसा कागद तिथे १८७४ च्या सुमारास वापरात आला. वाइजचा दबदबा एवढा होता की तोवर वर्षानुवर्षं कोणी कागदाकडे पाहिलंच नव्हतं. आमच्या टेबलावर प्लास्टिकचं पाकीट तेच काम करत होतं.

रविवारी सकाळी आम्ही प्रदर्शन उघडण्याआधीच दारात होतो. टेबल रिकामं. आयोजकांनी वही पाहून सांगितलं की ते टेबल भलत्याच माणसाने घेतलं होतं आणि त्याने परस्पर दुसऱ्याला दिलं. “विक्रीशी आमचा संबंध नाही,” एवढंच त्यांचं म्हणणं. मला हे मान्य नाही. जागेचं भाडं घेणाऱ्याने तिथे कोण बसलं आहे एवढं तरी बघितलंच पाहिजे. क्यूआर कोडवर दिसलेलं नाव तिसऱ्याच व्यक्तीचं निघालं.

तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, पूर्वीचं ४२०. पैसे ऑनलाइन गेले असल्याने सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावरही नोंद केली. तिथे लगेच कळवणं महत्त्वाचं, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं थांबवता आलं तरच काही हाती लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पण तक्रार कोणाविरुद्ध हे विचारल्यावर आमच्याकडे दाखवायला ‘जुनी पुस्तके, १ नग’ एवढीच चिठ्ठी. पैसे अजून परत आलेले नाहीत.

म्हणून आवृत्ती किंवा सही यासाठी कोणी जास्त पैसे मागत असेल तर पुस्तकाचं नाव, ‘पहिली आवृत्ती’, साल आणि ‘लेखकाची सही’ हे शब्द विक्रेत्याच्या नाव-पत्त्यासह पावतीवर लिहून घ्या. खरा विक्रेता ते लिहून देतो. त्याच प्रदर्शनात एका वृद्ध विक्रेत्याने आमच्या मित्राला न मागता पेन्सिलीने आत लिहून दिलं होतं, ‘दुसरी आवृत्ती, शेवटचं पान नाही’. आणि पाकीट उघडू देत नसतील तर निदान शीर्षकाची मागची बाजू आणि अगदी शेवटचं पान दाखवायला सांगा. ठिसूळ पुस्तकाचीही ही दोन पानं, तळहातावर आधार देऊन, पाठ न मोडता दाखवता येतात.

अशी प्रत आधीच कोणाच्या घरी असेल तर चिकटवलेलं पान रागाने फाडू नका, ते पाकिटासकट जपून ठेवा. पुरावा तेवढाच आहे. आणि ती कोणी ग्रंथालयाला भेट दिली असेल तर ग्रंथपालांना एकदा सांगा, म्हणजे तिथल्या नोंदीतलं १९४१ दुरुस्त होईल.