एफ-१५० वरचा सीबी अँटेना, आठ महिने वापरून: आधी रंग खरवडा, मग अँटेनाला नावं ठेवा

गेल्या महिन्यात माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपमधून, इथे कोलोराडोत, ग्लेनवूड कॅन्यनमधून डेन्वरकडे परत येत होतो, बर्फ पडून गेलेला, रस्ता सगळा काळपट ओला, आणि सीबी रेडिओच्या (गाड्यांमधला बिनलायसनचा बोलायचा रेडिओ) १९ नंबरच्या चॅनेलवर पुढच्या ट्रकवाल्याला विचारलं की व्हेल पासचा घाट चालू आहे का, तर उत्तरच नाही. तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलताना मला स्वच्छ ऐकू येत होता, माझं मात्र त्याच्यापर्यंत जात नव्हतं. पुढच्या रेस्ट एरियात थांबून मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (पाठवलेली पॉवर अँटेनाकडून किती परत येते त्याचा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही) २.९. जुलैत दोन शनिवार घालवून हाच आकडा मी १.३ वर आणला होता. इतकी चिडचिड झाली की म्हटलं आता सगळं लिहूनच काढू.

रेडिओबद्दल फार लिहीत नाही. कोब्रा २९ आहे, ४ वॅट, ४० चॅनेल, सगळ्यांना माहितीये, त्याची काहीच तक्रार नाही. आय-७० हायवेवर डोंगरात मोबाईलची रेंज जाते आणि ट्रकवाले अजूनही १९ वर बोलतात म्हणून घेतला. लायसन लागत नाही हा मोठा फायदा, जीएमआरएस या दुसऱ्या प्रकारच्या रेडिओला ३५ डॉलर भरावे लागतात (दहा वर्षांसाठी, घरच्या सगळ्यांना चालतं, म्हणजे तसं महाग नाही, पण ट्रकवाले तिथे नसतातच).

अँटेनाची कथा मात्र मोठी आहे. पहिल्यांदा मॅग्नेटवाला मागवला, छपरावर ठेवला आणि तो सरळ घसरून काचेवर आला. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, लोहचुंबक चिकटणारच नाही, हे मागवायच्या आधी माझ्या डोक्यातच आलं नाही. तो परत केला, परत पाठवायचा खर्च माझ्या खिशातून. मग चार फुटी फायबरग्लासचा, टोकाला फिरवायचा स्क्रू असलेला अँटेना घेतला आणि बॉनेटच्या कडेला, फेंडरच्या बोल्टवर बसणारी स्टीलची ब्रॅकेट. ब्रॅकेट एका ॲक्सेसरीवाल्या दुकानातून बसवून घेतली, १२० डॉलर मजुरी.

घरी येऊन बघतो तर १ नंबरच्या चॅनेलवर एसडब्ल्यूआर ३ च्या वर, २० वर तेच, ४० वर तेच. दुकानात फोन केला तर म्हणाले अँटेना खराब असेल, दुसरा घ्या. गाडी घेऊन गेलो तर ‘ट्यूनिंग’चे म्हणून आणखी ४५ डॉलर घेतले, स्क्रू थोडा फिरवला आणि आकडा तिथल्या तिथेच. वर सल्ला काय, तर लिनियर ॲम्प्लिफायर (पॉवर वाढवणारा डबा) लावा! सीबीवर ते बेकायदेशीर आहे आणि एसडब्ल्यूआर ३ असताना जास्त पॉवर ढकलायची म्हणजे त्या ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर हाताने जाळायचे. त्या दिवसापासून मी त्या दुकानात पाऊल ठेवलेलं नाही.

तेव्हा मी चिडून त्या अँटेनाला दोन स्टार दिले होते. ते चुकीचं होतं, आणि का ते सांगतो, कारण हा सगळा रिव्ह्यू त्यासाठीच आहे.

तिन्ही चॅनेलवर आकडा सारखाच वाईट असेल तर लांबीचा प्रश्नच नसतो. लांबीचा प्रश्न असता तर एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला जास्त दिसला असता. सगळीकडे ३ म्हणजे एकतर शॉर्ट किंवा ग्राउंड (गाडीच्या धातूशी जोडणी) नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटरची, अँटेना तिच्या पाव भागाएवढा, म्हणजे नऊ फूट लागतो, आपली चार फुटी काठी त्यात तार गुंडाळून कशीबशी तेवढी झालेली असते, आणि उरलेला अर्धा अँटेना म्हणजे तुमची गाडीच. ब्रॅकेटचा आणि बॉडीचा धातूला धातू लागला नाही तर तो अर्धा भाग नाहीच. माझ्या ब्रॅकेटवर जाड काळा पावडर कोट होता आणि फेंडरवर कंपनीचा रंग. दुकानदाराने रंगावर रंग ठेवून बोल्ट आवळला होता. १२० डॉलर घेऊन!

मल्टीमीटर लावला. अँटेना काढून स्टड (अँटेना बसतो तो बोल्ट) ते बॉडी बघितलं, जोडणी नाही, म्हणजे नायलॉनचा वॉशर बरोबर बसलाय, शॉर्ट नाही. ब्रॅकेट ते बॅटरीचा निगेटिव्ह, इथे शून्याच्या जवळ ओहम दिसायला हवेत, तर तिथेही जोडणी नाही. म्हणजे ब्रॅकेट हवेतच. दोन्हीकडचा रंग बोल्टपुरता खरवडला, दातेरी वॉशर घातला (हार्डवेअरच्या दुकानात एक डॉलरच्या आत मिळतो, ब्रॅकेटच्या पाकिटात का देत नाहीत देव जाणे), परत बघितलं तर १ वर १.६, २० वर २.१, ४० वर २.७. अँटेना तोच, केबल तीच! आता कुठे खरं ट्यूनिंग सुरू झालं.

४० वर जास्त आणि १ वर कमी म्हणजे अँटेना लांब आहे, स्क्रू आत घ्यायचा. उलटं असेल तर बाहेर. ही गोष्ट लोक नेमकी उलटी लक्षात ठेवतात. पहिल्यांदा मी गॅरेजमध्ये मोजलं ते सगळं वाया गेलं, भिंती आणि छपरामुळे आकडे भलतेच येतात. मग एका मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो, दारं बंद, बॉनेट बंद. बायको आत बसून आधी चॅनेल मोकळा आहे का ऐकायची, मग माईक दाबून मीटर कॅलिब्रेट करायची (सुई खुणेवर आणायची) आणि आकडा किराणाच्या बिलामागे लिहायची, मी स्क्रू फिरवून दहा फूट मागे जाऊन उभा राहायचो, कारण माणूस जवळ असला की आकडा बदलतो. अँटेनाच्या टोकाची टोपी घालूनच मोजायचं, टोपी काढून १.२ आलं आणि घातल्यावर १.४ असं माझं दोनदा झालं. कॅलिब्रेशन दर चॅनेलला नव्याने, हे तिने पकडलं, मी एकदाच करत होतो. शेवटी १.५, १.३, १.५ वर थांबलो.

मधे एक शनिवार मी १.३ चा १.१ करण्यात घालवला, त्याची गरज नव्हती. एसडब्ल्यूआर ३ असेल तर पाव पॉवर परत येते, म्हणजे ४ वॅटमधला १ वॅट. २ ला साधारण ११ टक्के, १.५ ला फक्त ४ टक्के. १.५ च्या खाली समोरच्याला काही फरक कळत नाही. आणि आकडा कमी म्हणजे अँटेना चांगला असंही नाही, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावतात तो नुसता रेझिस्टर) १ येतो आणि त्यातून आवाज गल्लीच्या टोकापर्यंतही जात नाही.

ऑगस्ट ते डिसेंबर एकदम मस्त चाललं. सपाटीवर चार-पाच मैल ट्रकवाल्यांशी आरामात बोलणं व्हायचं, दोनदा आयझेनहॉवर बोगद्याच्या आधी ट्रॅफिक तुंबलाय हे मॅप दाखवायच्या आधी कळलं. अँटेनाचे दोन स्टार काढून पाच केले.

आणि मग तो २.९. मला वाटलं केबलमध्ये पाणी गेलं. तसं काही नव्हतं. ब्रॅकेट उघडली तर खरवडलेल्या जागेवर पांढरी भुकटी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराईड मारतात, आणि स्टील नि उघडं ॲल्युमिनियम एकत्र, वर ते खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम गंजणारच. रंग खरवडून मी ग्राउंड मिळवला खरा, पण ती जागा तशीच उघडी ठेवली, ही चूक माझी. जागा घासून साफ केली, ॲल्युमिनियमच्या वायरिंगला लावतात ते अँटी-ऑक्सिडंट ग्रीस लावलं, वॉशर नवा स्टेनलेसचा, आणि ब्रॅकेटपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची चपटी पट्टी वेगळी टाकली. पट्टी नऊ डॉलर, ग्रीस सात. आता १.३, १.२, १.४, म्हणजे पहिल्यापेक्षाही बरं, त्या पट्टीमुळेच असणार.

नाशिकच्या भावाने विचारलं मला पण एक आण, त्याला नाही म्हटलं. भारतात सीबीच्या या फ्रिक्वेन्सीवर लायसनशिवाय ५ वॅटपर्यंत चालतं पण अँटेना सेटमध्येच असलेला हवा, गाडीवर असा बाहेरचा लावून नाही.

आत्ताचे मार्क: रेडिओ पाच, अँटेना पाच, ब्रॅकेट दोन, कारण दातेरी वॉशर नाही आणि रंग खरवडा अशी एक ओळसुद्धा पाकिटावर नाही. दुकानाकडून ते ४५ डॉलर परत मागितलेत, दोन ईमेल झाले, उत्तर आलं नाही, तिसरा आज पाठवतोय, मल्टीमीटरचे फोटो जोडून.