डायल गेज, डिग्री व्हील आणि दोन हलक्या स्प्रिंगा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी आंबा घाटात माझ्या बुलेटचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला. लोखंडी बॅरलची जुनी 350. एका गॅरेजमध्ये जास्त लिफ्टचे (व्हॉल्व्ह जास्त उघडणारे) कॅम आणि उंच क्राउनचा, म्हणजे उंच माथ्याचा, पिस्टन बसवून घेतला होता. "सरळ बसतं, काही बघायची गरज नाही," असं कॅम विकणाऱ्यानेही सांगितलं होतं आणि बसवणाऱ्यानेही. चढावर गिअर खाली टाकला, आरपीएम वर गेले, टक् असा एकच आवाज आला आणि कॉम्प्रेशन गेलं. हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटलेली होती. ती बघितली आणि कानाला खडा लावला: यापुढे पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मी स्वतः मोजल्याशिवाय इंजिनाची जोडणी पूर्ण करायची नाही.

त्यासाठी घेतलेल्या साहित्याचा हा अनुभव. 0.01 मिलिमीटरचा डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारं अॅल्युमिनियमचं डिग्री व्हील आणि व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगांच्या जागी तात्पुरत्या बसवायच्या दोन हलक्या स्प्रिंगा. सगळं मिळून साधारण 6,500 रुपये गेले. त्यातला मोठा वाटा गेजचा. आठ महिन्यांत तीन इंजिनांवर वापरलं: माझं, भावाचं आणि एका मित्राची नंतरच्या काळातली 500.

आधी मीही हे माप मॉडेलिंग क्लेनेच घ्यायचो. मुलांच्या चित्रकलेच्या सामानात मिळते ती. पिस्टनच्या पॉकेटमध्ये, म्हणजे माथ्यावर व्हॉल्व्हसाठी केलेल्या खळग्यात, क्लेची पट्टी लावायची, व्हॉल्व्हला तेलाचा हात फिरवायचा, हेड कसायचं, क्रँक दोन फेरे फिरवायचा, हेड काढून पट्टी ब्लेडने कापायची आणि सर्वात पातळ जागी मापायची. पद्धत चुकीची नाही, अजूनही मी ती वापरतो, कुठे ते पुढे येईलच. पण माझ्या इंजिनावर पहिल्यांदा इनटेकला 1.8 मिलिमीटर आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीत क्ले कडक असताना 1.5. दोन मापांत 0.3 चा फरक, आणि निर्णय घ्यायचा तो नेमका तेवढ्यावरच. शिवाय क्ले फक्त किती ते सांगते, कुठे ते सांगत नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं. बहुतेकांना वाटतं की पिस्टन टीडीसीला (टॉप डेड सेंटरला) सर्वात वर असतो, म्हणजे धोका टीडीसीलाच. तसं नाही. ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात तेव्हा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि वर येणारा पिस्टन त्याच्या मागे लागलेला असतो, त्यामुळे एक्झॉस्टची सर्वात कमी जागा टीडीसीच्या आधी दहा-पंधरा अंशांवर सापडते. इनटेकचं उलट. पिस्टन खाली निघालेला असतो आणि उघडणारा व्हॉल्व्ह त्याच्या मागे धावतो, म्हणून ती जागा टीडीसीनंतर तेवढ्याच अंशांवर. बुलेट 350 चा स्ट्रोक 90 मिलिमीटर आहे. एवढ्या लांब स्ट्रोकलाही टीडीसीपासून 10 अंशांत पिस्टन जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास खाली येतो. तेवढ्यात कॅमच्या रॅम्पवरून व्हॉल्व्ह भराभर उघडत असतो. टीडीसीला माप घेऊन निर्धास्त झालेल्या माणसाचा घात होतो तो असा.

डायलची पद्धत तेच दाखवते. हलक्या स्प्रिंगा घालून हेड नेहमीच्या गॅस्केटसकट, नेहमीच्या टॉर्कला कसायचं. गॅस्केट एकदा कसून दबलेलं घ्या, कोरं जाडीला वेगळं असतं. पुशरॉड थंड इंजिनाला लावतो तसेच लावायचे: बोटांनी फिरतात पण वरखाली खेळत नाहीत. डायलचं टोक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या टोपीवर, टेकवायचं. टीडीसीच्या आधी 20 अंशांपासून दर 2 अंशांनी थांबायचं, अंगठ्याने व्हॉल्व्ह खाली दाबायचा, पिस्टनला टेकला की काटा बघायचा, आकडा वहीत. स्प्रिंग हलकी असल्याने व्हॉल्व्ह टेकल्याचा ठक् असा स्पर्श बोटाला स्पष्ट कळतो. पहिल्यांदा तो जाणवला तेव्हा अंगावर काटा आला, कारण घाटात जे टेकलं होतं तेच आता माझ्या अंगठ्याखाली सावकाश टेकत होतं.

माझ्या इंजिनाचे आकडे: इनटेक सर्वात कमी 1.48, टीडीसीनंतर 12 अंशांवर. एक्झॉस्ट 2.31, टीडीसीआधी 10 अंशांवर. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा फरक 0.03 च्या आत. आपल्यासारख्या स्टीलच्या कनेक्टिंग रॉडच्या इंजिनाला इनटेकला किमान 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला किमान 2.5 धरतात. एक्झॉस्टला जास्त का, तर तो जास्त तापतो म्हणून लांबतो, आणि आरपीएम हाताबाहेर जाऊन स्प्रिंग मागे पडली तर बंद व्हायला उशीर करतो, पिस्टन तर मागे येतच असतो. जुन्या बुलेटला बिगएंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे) फ्लोटिंग बुश असतो, त्याचा खेळही याच हिशेबात धरायला हवा. त्यामुळे या इंजिनांवर मी किमान आकड्याच्या खाली एक शतांशही जाणार नाही.

माप कमी आलं तर कॅम थोडा मागे घेऊन इनटेकला जागा मिळवता येते, त्यात एक्झॉस्टची जाते. पण लोखंडी बुलेटचे कॅम दातांवर बसतात आणि एक दात सरकवणं म्हणजे टाईमिंगचा सत्यानाश. बॅरलच्या बुडातून अर्धा मिलिमीटर आधीच काढलेला, तो परत येणार नव्हता. जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन घालवायचं नव्हतं. राहिला पिस्टन.

उद्यमनगरात माझे जे मिलिंगवाले मिस्त्री आहेत, त्यांनी काम हातात घेण्याआधी पिस्टन उलटा करून पॉकेटच्या खालची क्राउनची जाडी मापली. मग म्हणाले, "साहेब, खोली तुम्ही सांगताय, पण मध्य कुठाय ते दाखवा." ते अगदी बरोबर होतं. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या जाडीचा रॉड टर्न करून त्याला टोक काढलं, हेड रिकामं बसवून तो गाईडमधून खाली सोडला आणि वरून हलकेच ठोकला. पिस्टनवर दोन ठिपके उमटले. त्या ठिपक्यांवरून, व्हॉल्व्हच्याच कोनात पिस्टन बांधून पॉकेट खोल केली: इनटेक 0.7, एक्झॉस्ट 0.4. परत मोजलं तर 2.18 आणि 2.71. कॉम्प्रेशन रेशो 8.5 वरून 8.35 च्या आसपास उतरलं, ते मी आनंदाने सोडलं.

आता क्लेचं. डायल खोली सांगतो, पण व्हॉल्व्हची कड पॉकेटच्या भिंतीला बाजूने किती जवळ आहे ते सांगत नाही. तिथे सव्वा ते दीड मिलिमीटर तरी मोकळं हवं, आणि ते बघायला क्लेला पर्याय नाही. मोठा व्हॉल्व्ह टाकणाऱ्यांनी हे माप सोडूच नये.

साहित्यातल्या खोड्या. मॅग्नेटिक स्टँड अॅल्युमिनियमच्या हेडला चिकटत नाही, हे घरी आणून डबा उघडल्यावर लक्षात आलं. रॉकर कव्हरच्या स्टडवर 5 मिलिमीटरची लोखंडी पट्टी नटाने कसली आणि स्टँड त्यावर बसवला. पट्टी पातळ घेऊ नका, लवते आणि काट्यात दिसते. डिग्री व्हीलवरचे आकडे छापलेले आहेत, कोरलेले नाहीत. पेट्रोलचा बोळा दोनदा लागला आणि 340 ते 350 मधल्या रेघा पुसट झाल्या, नेमक्या लागणाऱ्याच. मी त्या सुईने कोरून घेतल्या. कोरीव व्हील मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

गेज माझा बेकरचा आहे, पुण्यात बनणारा, आपल्याकडच्या बहुतेक टूलरूममध्ये दिसतो तो. त्याच्याबद्दल एक अक्षरही तक्रार नाही. एक खबरदारी मात्र घ्या. मोठा काटा एका मिलिमीटरला पूर्ण फेरा मारतो. फेरे मोजणारा छोटा काटा असतो, त्याकडे लक्ष नसेल तर अख्खा मिलिमीटर हरवतो. भावाच्या इंजिनावर मी 2.6 लिहिलं होतं, खरं 1.6 होतं. शेजारच्या अंशाच्या आकड्याशी जुळेना म्हणून पकडलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक ओळीत आधी छोट्या काट्याचा आकडा लिहितो. 10 मिलिमीटर प्रवासाचा गेज या कामाला पुरतो. पूर्ण लिफ्टही त्यानेच मोजायची असेल तर मोठा घ्या.

गेज व्हॉल्व्हच्या रेषेत बसवणं ही सर्वात वेळखाऊ गोष्ट आणि तिथे घाई करू नका. रिटेनरवर तिरका टेकलेला गेज कमी नाही, जास्त दाखवतो. 20 अंश तिरका असेल तर सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरं 2.35 असेल तर काटा अडीच दाखवेल आणि तुम्ही खुशाल इंजिन जोडून टाकाल. मी व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर एक सरळ सुई धरून बघतो.

टीडीसी डोळ्याने किंवा स्पार्क प्लगच्या भोकातल्या काडीने शोधू नका, तिथे पिस्टन कित्येक अंश हलल्यासारखाच दिसत नाही. जुन्या प्लगचं पोर्सिलीन काढून त्यात बोल्ट ब्रेझ करून घेतला, तो अडकवला, क्रँक हाताने दोन्हीकडून सावकाश टेकवला आणि दोन आकड्यांचा मध्य धरला. प्लगचा हा स्टॉप काढल्यावर मात्र क्रँक चालण्याच्याच दिशेने फिरवायचा. पुढे गेला तर पाव फेरा मागे नेऊन परत आणायचा, नाहीतर टाईमिंग गिअरांमधला खेळ मापात येतो.

मित्राच्या 500 ने वेगळाच धडा दिला. 2009 नंतरच्या त्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, म्हणजे तेलाच्या दाबाने आपली उंची आपोआप जुळवणारे. मूळ स्प्रिंगेवर मोजलं की टॅपेट दबतो, व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि जागा भरपूर असल्याचं माप येतं. चालत्या इंजिनात तेल भरलं की तोच टॅपेट पूर्ण उंचीवर उभा राहतो. जुने दोन टॅपेट उघडून आत वॉशर भरून आम्ही ते कडक केले आणि तेवढ्यापुरते वापरले. त्या इंजिनावर जागा पुरेशी निघाली, पॉकेटला हात लावावा लागला नाही. पूर्ण रविवार गेला, पण मित्र निर्धास्त झाला.

मूळ स्प्रिंगा परत घातल्यावर पूर्ण लिफ्टला स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना आणि रिटेनर गाईडच्या टोकावर आदळत नाही ना, हेही याच बैठकीत बघून घ्या. गेज लावलेलाच असतो.

गेल्या महिन्यात 3,100 किलोमीटरनंतर माझं हेड मुद्दाम उघडलं. आंबा घाट त्यात चार वेळा झाला होता. दोन्ही पॉकेटमध्ये काळा, कोरडा, सलग कार्बन, काठापासून काठापर्यंत, कुठेही चकाकी नाही. बोटाने पुसला, खाली मिस्त्रींच्या कटरच्या गोल रेघा तशाच होत्या. हलक्या स्प्रिंगा घालून पुन्हा मोजलं. इनटेक 2.15, एक्झॉस्ट 2.69.